प्रिमा बॅलेरिना व्हायचंय? आधी वाट समजून घ्या

मुलगी बॅलेच्या क्लासला जाते, घरभर चवड्यांवर फिरते आणि मोठेपणी प्रिमा बॅलेरिना होणार असं ठासून सांगते. आईवडिलांना कौतुक वाटतं, पण पाठोपाठ काळजीही लागते. यात पोट भरेल का? शाळा सोडावी लागेल का? आणि नाहीच जमलं तर पुढे काय? हे प्रश्न रास्त आहेत. त्यांच्याकडे वळण्याआधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. प्रिमा बॅलेरिना या पदाची जाहिरात निघत नाही, त्यासाठी अर्ज भरता येत नाही आणि कोणताही क्लास त्याचं प्रमाणपत्र देऊ शकत नाही.

किताब आणि हुद्दा

बॅले कंपनीतली पहिल्या मानाची नर्तिका ती प्रिमा बॅलेरिना. हे नाव इटलीतून आलं. त्याच्याही वरचा किताब म्हणजे प्रिमा बॅलेरिना असोलुता. 19व्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गच्या शाही रंगभूमीवर पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तिकेला तो मिळाला. 1895 मध्ये तिथे नव्यानं बसवलेल्या ‘स्वान लेक’ या बॅलेत तिनं एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. या गिरक्यांना फुएते म्हणतात. आजही या बॅलेतल्या मुख्य नर्तिकेकडून प्रेक्षक त्यांची वाट पाहतात. लंडनच्या रॉयल बॅलेनं मार्गो फॉन्टेनला हाच किताब 1979 मध्ये दिला, तेव्हा ती साठ वर्षांची होती. म्हणजे सगळी कारकीर्द गाजवून झाल्यावर मिळालेला तो मान होता.

आज बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या नियुक्तिपत्रावर ‘प्रिमा बॅलेरिना’ हा हुद्दा नसतो. रॉयल बॅलेत आर्टिस्ट, फर्स्ट आर्टिस्ट, सोलोइस्ट, फर्स्ट सोलोइस्ट आणि प्रिन्सिपल अशी चढण आहे. अमेरिकन बॅले थिएटरमध्ये कोर द बॅले म्हणजे समूहातले नर्तक, मग सोलोइस्ट आणि वर प्रिन्सिपल. पॅरिस ऑपेरात सर्वोच्च नर्तकाला एत्वाल म्हणतात आणि ही निवड बहुधा प्रयोग संपल्यावर रंगमंचावरच जाहीर होते. वर्तमानपत्रं आणि सिनेमे मात्र कुठल्याही नावाजलेल्या नर्तिकेला सर्रास प्रिमा बॅलेरिना म्हणून मोकळे होतात. त्यामुळे ‘दोन वर्षांत प्रिमा बॅलेरिना’ असं आश्वासन कुणी दिलं, तर तिथे फी भरू नका.

अव्वल नर्तिकेचं काम

प्रिन्सिपलचा दिवसही सकाळच्या वर्गानंच सुरू होतो. बारला (सरावाच्या आडव्या दांडीला) हात टेकून प्लिए, म्हणजे गुडघे वाकवण्याचा अगदी पहिला धडा, तिलाही रोज करावा लागतो आणि शेजारी कालपरवा कंपनीत आलेली मुलगी उभी असते. मग दिवसभर तालमी आणि प्रयोग असेल तर संध्याकाळी प्रयोग.

‘स्वान लेक’मध्ये हळवी ओदेत आणि कपटी ओदील या दोन्ही भूमिका सहसा एकच नर्तिका करते. ‘स्लीपिंग ब्यूटी’त राजकन्या ऑरोरा रंगमंचावर आल्यावर थोड्याच वेळात एका पायाच्या अंगठ्यावर तोल सांभाळून एकेक करत चार राजपुत्रांचा हात धरते आणि सोडते. चेहऱ्यावर ताणाची रेषही दिसता कामा नये.

तिच्या पॉइंट शूजकडे जवळून पाहा. वरून गुळगुळीत सॅटिन असतं. टोकाला कापड, कागद आणि खळ यांचे थर देऊन केलेला कडक भाग असतो, त्यावरच सगळा भार येतो. फिती आणि इलॅस्टिक नर्तिका स्वतः शिवते, तळवा हातानं वाकवून मऊ करते, टाळ्या पडायच्या जागी खटखट ऐकू येऊ नये म्हणून टोक जमिनीवर आपटून घेते. मोठ्या भूमिकेत असा एक जोड एकाच प्रयोगात निकामी होऊ शकतो.

वयाचं गणित

हे क्षेत्र लवकर सुरू होतं आणि लवकर संपतं. रॉयल बॅले स्कूलच्या निवासी शाळेत मुलं 11व्या वर्षी दाखल होतात, 16व्या वर्षी वरच्या शाळेसाठी पुन्हा निवड होते. सेंट पीटर्सबर्गच्या वागानोव्हा अकादमीचा पारंपरिक अभ्यासक्रम आठ वर्षांचा आहे. दुसऱ्या टोकाला, पॅरिस ऑपेरात नर्तक 42व्या वर्षी निवृत्त होतात.

उशिरा येणाऱ्यांना दार कायमचं बंद असतं असं मात्र नाही. मिस्टी कोपलँडनं 13व्या वर्षी बॅले सुरू केलं. अमेरिकन बॅले थिएटरच्या समूहात ती 2001 मध्ये आली, 2007 मध्ये सोलोइस्ट झाली आणि 2015 मध्ये प्रिन्सिपल. त्या कंपनीतली ही पहिली कृष्णवर्णीय महिला प्रिन्सिपल. समूहापासून शिखरापर्यंत पोचायला तिला चौदा वर्षं लागली.

आपल्याकडचं उदाहरण मुलांचं आहे. मुंबईत येहुदा माओर या शिक्षकांकडे शिकलेला वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह 2017 मध्ये रॉयल बॅले स्कूलमध्ये निवडला गेला. त्याच्यासोबत शिकलेला मनीष चौहान टॅक्सीचालकाचा मुलगा. या दोघांवरून सुनी तारापोरवाला यांनी 2020 मध्ये ‘ये बॅले’ हा चित्रपट केला. वर सांगितलेल्या संस्थांच्या तोडीची, वर्षभर पगारावर नर्तक ठेवणारी शास्त्रीय बॅले कंपनी भारतात नाही. त्यामुळे व्यावसायिक बॅलेचा रस्ता परदेशातूनच जातो, हे आधीच धरून चाला आणि खर्चाचा विचार त्याच हिशेबानं करा.

पालकांनी काय पाहावं?

• शिक्षक: त्यांचं स्वतःचं शिक्षण कुठे झालं ते विचारा. रॉयल अकॅडमी ऑफ डान्ससारख्या संस्थेच्या श्रेणी परीक्षा दिल्यास प्रगतीचं मोजमाप बाहेरच्या परीक्षकाकडून होतं.

• जमीन: काँक्रीटवर थेट बसवलेली फरशी उड्यांसाठी वाईट. खाली दाब शोषून घेणारी लाकडी जमीन हवी.

• पॉइंट शूज: काही वर्षांचा पक्का सराव आणि पायात पुरेशी ताकद आल्याशिवाय नकोत. साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी घाई करणाऱ्या शिक्षकांपासून सावध राहा, कारण पायाची हाडं तोवर पक्की झालेली नसतात.

• आहार: वजनावरून मुलांना चारचौघांत टोचून बोलणारा वर्ग ताबडतोब बदला. मुलगी जेवण टाळत असेल, पाळी थांबली असेल किंवा एकाच जागी दुखणं मुरत असेल, तर स्पर्धा बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठा.

• शाळा: सोडू नका. रॉयल बॅले स्कूलमध्येही नृत्यासोबत नेहमीचं शालेय शिक्षण चालतं.

नाही जमलं तर?

प्रिन्सिपल मोजकेच होतात. पण समूहात जागा मिळवलेली नर्तिका पूर्ण व्यावसायिक कलावंत असते. ‘स्वान लेक’मधले हंस एका श्वासात हलतात, ते काम तिचंच. तिला अपयशी समजणं हा तिच्या कष्टांवर अन्याय आहे. याशिवाय समकालीन नृत्य आणि संगीत नाटकं आहेत, अध्यापन आणि नृत्यदिग्दर्शन आहे, तालमी घेणाऱ्या मार्गदर्शकाचं काम आहे. हालचाली चिन्हांत लिहून ठेवणाऱ्या बेनेश लिपीचे जाणकार असतात. नर्तकांच्या दुखापतींवर काम करणारे फिजिओथेरपिस्ट, वेशभूषाकार, प्रकाशयोजनाकारही लागतात. ज्याच्या अंगात बॅले मुरलं आहे, त्याला या कामांत त्याचा उपयोग होतो.

म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी मुलगी, तुम्ही आणि शिक्षक असे तिघं एकत्र बसा. परदेशी शाळांच्या निवड चाचणीला उतरण्याइतकी तयारी आहे का, हे शिक्षकांना स्पष्ट विचारा. मुलीला मात्र वेगळं विचारा: मुख्य भूमिका कधीच मिळाली नाही, तरी रोज सकाळी बारपाशी उभं राहायला आवडेल का? ती मनापासून हो म्हणाली, तर तिच्या पाठीशी उभे राहा.