शर्मिष्ठेंतील एक जोडतारा

थंडीच्या आरंभीं रात्रीं उत्तरेकडे पाहिलें असतां पांच ताऱ्यांची एक वांकडीतिकडी आकृति दिसते, तीच शर्मिष्ठा. तिच्या सीमेंत नुसत्या डोळ्यांस न दिसणारा ‘एल. एस. आय. +६१ ३०३’ नांवाचा जोडतारा आहे. त्यांतील एक तारा प्रचंड व अतितप्त. दुसरा लहान पण अत्यंत घन, तो पहिल्याभोंवतीं सुमारे २६॥ दिवसांत लांबट कक्षेनें फिरतो.

या जोडींतून गॅमा किरण येतात. दृश्य प्रकाशाच्या एका कणाजवळ दोन-तीन इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. येथील कांहीं किरणांत ती लक्ष कोटीवर जाते! एवढें बळ येतें कोठून? लहान तारा कृष्णविवर कीं स्पंदक, याविषयीं विद्वानांत पुष्कळ वर्षें वाद होता. सन २०२२ मध्यें चीनमधील ‘फास्ट’ दुर्बिणीनें त्या दिशेकडून ०·२६९ सेकंदांच्या अंतरानें येणारे रेडिओ-ठोके टिपल्याचें प्रसिद्ध झालें, आणि स्पंदकाचें पारडें जड झालें.

स्पंदकापासून विद्युत्भारित कणांचा वारा सुटतो. मोठ्या ताऱ्याचाही स्वतःचा वारा असतो. पुरांतील दोन प्रवाह समोरासमोर भिडले म्हणजे मध्यें पाण्याचा बांध उभा राहतो, तसा येथें आघाताचा पडदा उभा राहतो. त्याच्या दोहों बाजूंच्या खळबळलेल्या चुंबकीय क्षेत्रांवर आपटून इलेक्ट्रॉन पुनःपुन्हां पडदा ओलांडतो व दर खेपेस आपल्या ऊर्जेच्या कांहीं हिश्शानें श्रीमंत होतो. हें चक्रवाढ व्याजच! मात्र दर खेपेस कांहीं कण निसटतात, म्हणून शिखरावर थोडेच पोंचतात. चुंबकरेषा तुटून नव्यानें जुळतांनाही कणांस वेग मिळत असावा, असेंही कित्येक मानतात. असा इलेक्ट्रॉन ताऱ्याच्या प्रकाशकणास धडकला कीं त्यास आपली ऊर्जा देतो. तोच गॅमा किरण.

नवल असें कीं, अतिशय तीव्र किरण तारे एकमेकांपासून दूर असतांना अधिक आढळतात. जवळ असतांना ताऱ्याच्या दाट प्रकाशांत पुष्कळ किरण नष्ट होत असावेत, हें त्याचें एक कारण सांगतात.

तेच इलेक्ट्रॉन ऊर्जा उतरल्यावर चुंबकीय क्षेत्रांत घिरट्या घालीत रेडिओ लहरी सोडतात. त्या ऐकणारे कान आपल्या शेजारींच आहेत. नाशिकहून पुण्यास जातांना नारायणगांव लागतें. तेथून जवळच खोडद येथें प्रा. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटर टापूंत पसरल्या आहेत. त्यांनीं याच जोडीच्या लहरींची भरती-ओहोटी नोंदली. निरनिराळ्या कंपनसंख्यांची भरती एकाच वेळीं येत नाहीं. यावरून ते कण पसरत जाणाऱ्या ढगांत असावेत, असें अनुमान सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें.