पाचवी डिस्क आल्यावर

शाळेच्या ग्रंथालयातील चार कपाटे भरत आली म्हणून पाचवे कपाट आणले, अशी कल्पना करा. आता ग्रंथपालांनी काय करावे? फक्त नवी पुस्तके पाचव्या कपाटात लावावीत, की सर्वच पुस्तके पाच कपाटांत पुन्हा वाटावीत? संगणकापुढेही नेमका असाच प्रश्न येतो.

मोठ्या संगणककेंद्रातील माहिती एका हार्ड डिस्कवर मावत नाही. म्हणून अनेक डिस्क जोडून त्यांचा एक सामाईक साठा करतात. आपल्याला तो एकसंध दिसतो. कोणती फाइल कोणत्या डिस्कवर ठेवायची हे संगणक ठरवतो.

समतोल कशासाठी?

समजा, साठ्यात चार डिस्क आहेत आणि प्रत्येकीवर ३ टेराबाइट माहिती आहे. (१ टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट.) पाचवी, रिकामी डिस्क जोडली आणि नव्या फाइली तिच्यावरच ठेवत गेलो, तर काय होईल? वारंवार लागणाऱ्या फाइली बहुधा नव्याच असतात. फिरत्या तबकड्यांची डिस्क सेकंदाला सुमारे १५० मेगाबाइट वाचते असे धरा. पाच डिस्क एकदम कामाला लागल्या तर ७५० मेगाबाइट मिळतील. पण सारी गर्दी एकीपाशीच झाली तर १५०च. उरलेल्या चार नुसत्या फिरत राहतील. म्हणून जुनी माहितीही थोडी हलवावी लागते. किती हलवायची, हा खरा प्रश्न.

भागाकाराची पद्धत

फाइलींना क्रमांक द्यावेत, क्रमांकाला ४ ने भागावे आणि जी बाकी उरेल त्या डिस्कवर फाइल ठेवावी, ही अगदी सोपी पद्धत. डिस्कांचे क्रमांक ०, १, २, ३. पाचवी डिस्क (क्रमांक ४) आल्यावर ५ ने भागावे. आता १ ते २० या क्रमांकांच्या बाक्या दोन्ही रीतींनी काढून पाहा. फक्त १, २, ३ आणि २० या फाइली जागच्या जागी राहतात, १६ हलतात! नव्या डिस्कवर तर ४, ९, १४, १९ या चारच जातात. म्हणजे उरलेल्या १२ फाइलींची जुन्या डिस्कांमध्येच निष्कारण अदलाबदल झाली. आपल्या १२ टेराबाइटपैकी ९.६ टेराबाइट हलवावे लागले. गरज होती फक्त एकपंचमांश, म्हणजे २.४ टेराबाइट हलवण्याची. सेकंदाला १५० मेगाबाइट या वेगाने तेवढे लिहायला १६,००० सेकंद, म्हणजे सुमारे साडेचार तास पुरतात.

गुणांची शर्यत

यावर एक सुंदर उपाय डेव्हिड थेलर आणि चिन्या रविशंकर यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात १९९६ मध्ये मांडला. फाइलचे नाव आणि डिस्कचे नाव एकत्र करून एका ठरावीक सूत्रात घालायचे. त्यातून एक आकडा निघतो. त्याला आपण गुण म्हणू. हे आकडे चिठ्ठ्या काढल्यासारखे वेडेवाकडे येतात, पण त्याच दोन नावांना नेहमी तोच आकडा येतो. जिला सर्वांत जास्त गुण, तिच्यावर फाइल ठेवायची.

समजा, एका फाइलसाठी अ, ब, क, ड या डिस्कांना ४१, ७३, १८, ६२ गुण मिळाले. फाइल ‘ब’वर गेली. आता ‘इ’ आली. तिला ५५ गुण मिळाले तर फाइल जागची हलत नाही. ८८ मिळाले तर ‘इ’वर जाते. जुन्या डिस्कांचे गुण बदलतच नसल्याने त्यांच्यात अदलाबदल संभवत नाही. पाच स्पर्धक समान असताना नवा स्पर्धक पहिला येण्याची संभाव्यता १/५. म्हणून सुमारे २० टक्केच फाइली हलतात आणि सगळ्या नव्या डिस्ककडेच जातात. ‘सेफ’ नावाच्या साठा-प्रणालीतही डिस्क जणू काड्या ओढतात आणि लांब काडीवाली जिंकते. तत्त्व हेच.

डिस्क बिघडली तर?

एक गोष्ट मात्र विसरू नका. समतोल म्हणजे सुरक्षितता नव्हे. फाइलची एकच प्रत असेल, तर डिस्क बिघडताच ती गेली. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या क्रमांकाच्या डिस्कवर ठेवतात. वरच्या उदाहरणात (इ नसताना) ती ‘ड’वर असेल. आता ‘ब’ बिघडली, तर उरलेल्यांत पहिली कोण? ‘ड’! म्हणजे जेथे शोधायला जावे तेथे प्रत आधीच हजर. मग तिसऱ्या क्रमांकाच्या ‘अ’वर नवी प्रत करायची. तसेच फाइल हलवताना आधी नवी प्रत करावी, ती तपासावी आणि मगच जुनी पुसावी. हा क्रम चुकला आणि मध्येच वीज गेली, तर फाइल ना इथली ना तिथली!

करून पाहा

० ते ९९ आकड्यांच्या चिठ्ठ्या करा. वहीत ३० फाइली आणि चार डिस्कांचा तक्ता आखून प्रत्येक चौकटीत चिठ्ठी काढून गुण लिहा. चिठ्ठी दर वेळी परत टाका. एकाच फाइलला सारखे गुण आले तर पुन्हा काढा. मग पाचवा स्तंभ जोडा. किती फाइली हलल्या? सहाच्या आसपास येतील, नेमक्या सहाच येतील असे नाही. साऱ्या वर्गाचे आकडे मिळवा आणि टक्केवारी २०च्या किती जवळ जाते ते पाहा.

शेवटी एक प्रश्न: पाचवी डिस्क दुप्पट क्षमतेची असेल, तर तिला दोन चिठ्ठ्या काढू द्याव्यात आणि मोठी धरावी. मग तिच्या वाट्याला किती फाइली येतील?