एसटीत बोलणारा पोरगा मुलाखतीत गप्प का?

वऱ्हाडातल्या पोरांना बोलता येत नाही, असं कोणी म्हटलं की मी त्याला अकोला-अकोट एसटीत बसायला सांगतो. कापसाचा भाव, पाऊस, आमदार, सगळ्यांचा हिशोब उतरायच्या आत लागतो. तोच पोरगा टेबलासमोर खुर्चीत बसला की ‘हो सर’, ‘नाही सर’ यापलीकडं जात नाही. अकोल्यात पदवीच्या मुलामुलींची नोकरीसाठी तयारी करून घेताना हे नेहमीच दिसतं. त्यांना शब्द कमी पडतात असं मला वाटत नाही. आपण केलेलं काम चारचौघांत सांगण्याजोगं आहे, हेच त्यांच्या गावी नसतं.

1. अर्जावर स्वतःचा नंबर द्या.
अर्जावर सर्रास वडिलांचा नंबर असतो. पुण्याहून फोन येतो. इकडून उत्तर जातं, “कोन बोलून राह्यलं? पोट्टं वावरात गेलं, संध्याकाळी लावजा.” संध्याकाळी कोणीच लावत नाही. फोन एसटीत आला तर “हॅलो, हॅलो” करत ओरडू नका. “सर, मी प्रवासात आहे, नीट ऐकू येत नाही. पाच वाजता मी फोन केला तर चालेल का?” असं विचारा आणि पाचला करा.

2. लग्नाचा बायोडाटा वेगळा, नोकरीचा वेगळा.
कॉलेजजवळचा झेरॉक्सवाला दोन्ही बनवून देतो आणि घोळ तिथंच होतो. उंची, रक्तगट, धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, भावंडं किती, सगळं पानभर. खाली ‘छंद : वाचन, क्रिकेट’. एका वर्गातले दहा बायोडाटे शेजारी ठेवले तर नाव झाकल्यावर कोणता कोणाचा ते आईबापांनाही सांगता येणार नाही. वाचनाचा छंद असलेल्याला मी हमखास विचारतो, सध्या काय वाचताय? त्यानंतरची शांतता फार लांबते.

3. केलेलं काम आकड्यांनिशी आणि गावाच्या नावानिशी सांगा.
डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 पासून अकोल्यात आहे, त्यामुळे बियाणं, खतं, कीटकनाशकं विकणाऱ्या कंपन्यांना इथं कृषी पदवीधर लागतात. या मुलांना शिक्षणाचा भाग म्हणून गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम करावं लागतं. ते त्याला ‘रावे’ म्हणतात. मुलाखतीत अशाच एका मुलाला विचारलं, रावेत काय केलं? उत्तर येतं, “सर, गावात जाऊन शेतकऱ्यांना मार्गदर्शन केलं.” संपलं.

मग मी खोदत बसतो. कोणतं गाव? कोणतं पीक? हळूहळू निघतं, की कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावले होते. सापळ्यात रोज किती पतंग सापडले ते वहीत मांडलं होतं. सलग 3 रात्री प्रत्येक सापळ्यात 8 किंवा जास्त पतंग आले की फवारणीचा विचार करायचा, हा नियम त्याला तोंडपाठ होता. एका शेतकऱ्यानं त्याला विचारलंही होतं, “बीटी लावली तं अळी काऊन आली बावा?” आणि यानं उत्तर दिलं होतं, की या अळीत बीटीला दाद न देण्याची ताकद आली आहे, म्हणून फरदड घेऊ नका, म्हणजे तेच पीक पुढं ठेवू नका, कपाशी वेळेवर काढून टाका. 2017 साली विदर्भातल्या कपाशीचं या अळीनं केलेलं नुकसान आठवणाऱ्या माणसाला अळीची ही ताकद पटवणं सोपं असेल, पण पीक काढून टाका हे पटवणं सोपं नाही. फरदडीतून निघणारा कापूस डोळ्यांना दिसत असतो. या मुलानं ते पटवलं होतं.

एवढं सगळं ‘मार्गदर्शन केलं’ या दोन शब्दांत पुरलेलं होतं!

हेच मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतल्या मुलांचं. 2024 मध्ये ही योजना आली; बारावीला 6000, आयटीआय किंवा पदविकेला 8000 आणि पदवीला 10000 रुपये महिना विद्यावेतन. सरकारी कार्यालयात महिनोन्‌महिने काम केलेली मुलगी म्हणते, “विशेष काही नाही सर, बसूनच असायचो.” तिला आवक-जावक नोंदवही लिहिता येते. रागावलेल्या माणसाला पुढच्या टेबलाकडं कसं वळवायचं ते कळतं. तिच्याआधी त्या खुर्चीत बसलेल्या कायम कर्मचाऱ्याला ते जमत होतं का, ही शंका मी मनातच ठेवतो.

बापाबरोबर बाजार समितीत तूर नेणाऱ्या, अडत्याकडून हिशोबपट्टी तपासून घेणाऱ्या पोराच्या बायोडाट्यात ‘अनुभव : नाही’ असं लिहिलेलं असतं. हमाली, तोलाई वजा होऊन हातात किती आले हे ज्याला उभ्या उभ्या कळतं, त्याला विक्रीच्या नोकरीत निम्मं शिकवायचं राहत नाही.

4. वऱ्हाडी लपवू नका, आणि इंग्रजी पाठ करू नका.
“मायसेल्फ अमुक तमुक” पासून सुरू होणारं पाठ केलेलं भाषण मध्येच अडलं की पोरगा पुन्हा पहिल्या वाक्यावर जातो. समोरच्याला ते लगेच कळतं. साधी वाक्यं जुळवा, अडलात तर “सर, हे हिंदीत सांगू का?” असं सरळ विचारा. अकोल्याच्या बाजारात वाढलेल्याला हिंदीची भीती नसते. ‘मले’ तोंडून गेलं म्हणून कोणी नोकरी नाकारताना मी पाहिलेलं नाही. उलट बियाण्याच्या कंपनीचा माणूस म्हणतो, “समजा मी बाळापूरचा शेतकरी आहे, मला हे वाण का घ्यायचं ते सांग,” तेव्हा पुणेरी मराठीत सुरू करणारा पडतो. ‘अबे’ मात्र दाराबाहेर ठेवून यावं.

5. मेलमध्ये चार ओळी लिहा.
विषय रिकामा, मजकूर रिकामा, खाली नुसती फाइल, असे मेल कोणी उघडत नाही. कोणत्या जागेसाठी, जाहिरात कुठं पाहिली, त्यातलं कोणतं काम तुम्ही आधी केलंय, मुलाखतीला कधी येऊ शकता. बस.

6. ‘घरी विचारून सांगतो’ म्हटलं तर वार सांगा.
घरी विचारण्यात कमीपणा नाही. मुलगी पातूरहून चाकणला जाणार असेल तर आई राहण्याचं विचारणारच, आणि मुलीनं तेच कंपनीला विचारावं: राहायची सोय काय, रात्रपाळी असते का, पगारातून कापून हातात किती येतात. ‘काही विचारायचं आहे?’ याला ‘नाही सर’ हे सगळ्यांत वाईट उत्तर. फक्त निर्णय गुरुवारी सांगतो म्हणालात तर गुरुवारी सांगा, नकार असला तरी. आमची पोरं नकार कळवत नाहीत, फोन बंद ठेवतात. पुढच्या वर्षी ती कंपनी अकोल्याला येत नाही आणि मागून येणाऱ्या तुकडीला कारणही कळत नाही.

मुलाखतीला जायचं नसेल तरी आदल्या दिवशी कळवा. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये रात्र काढून पुण्याला पोचलेल्या दुसऱ्या पोराला तुमची वेळ मिळू शकते.

7. पैसे मागितले की प्रश्न विचारा.
महास्वयंम या सरकारी रोजगार संकेतस्थळावर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. सरकारी रोजगार मेळाव्यात बायोडाटा द्यायलाही लागत नाहीत. तरी ‘रेल्वेत लावून देतो’, ‘रजिस्ट्रेशन फी भरा, लगेच जॉइनिंग लेटर’ असे फोन येतात, आणि एरवी कोणाचं न ऐकणारी पोरं तिथं ‘हो सर, हो सर’ करतात. अशा वेळी आवाज न चढवता तीन गोष्टी विचाराव्यात: कंपनीचं पूर्ण नाव, कार्यालयाचा पत्ता, आणि पैशांची पावती कोणाच्या नावानं मिळेल. तिसऱ्या प्रश्नापर्यंत फोन बहुधा पलीकडूनच कट झालेला असतो.