ॲमीटर की व्होल्टमीटर?

ॲमीटर सिरीजमध्ये आणि व्होल्टमीटर पॅरललमध्ये, हे आपण व्हायव्हात डोळे मिटून सांगतो. पण दोघांपैकी एकच घ्यायचा तर कोणता? हा प्रश्न मला कुठल्याच सरांनी विचारला नाही, विचारला तो काकांनी.

आमचे गाव किन्हवलीजवळ, शहापूरहून मुरबाडला जाताना लागते. १९६०च्या दशकात कांदिवलीच्या कारखान्यातून बी-२७५ ट्रॅक्टर निघू लागले, त्या पिढीच्या ट्रॅक्टरांत अल्टरनेटर नव्हे, डायनॅमो असे. काकांचा ट्रॅक्टरही डायनॅमोवाला. ऐन आवणीत तो बसला. रोपे उपटलेली, मजूर बांधावर बसून, आणि स्टार्टर नुसता टक् करी. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या. काका म्हणाले, "तू इंजिनीअर होणार ना रं? मग सांग, करंट बॅटरीत जातो का नाय?"

मी गप्प. डॅशबोर्डवरचा मीटर कधीच मेला होता आणि त्याच्या दोन्ही तारा एकत्र पिळून टाकल्या होत्या. शेवटी उतारावरून ढकलून इंजिन सुरू केले, मल्टिमीटर लावला. बंद असताना १२.१ व्होल्ट, रेस वाढवली तरी १२.१. म्हणजे चार्जिंगच नाही! डायनॅमो उघडला तर ब्रश झिजून गेलेले. दोष बॅटरीचा नव्हताच. दुसऱ्या बॅटरीचे पैसे बहुधा फुकट गेले.

मग मीटर निवडायला बसलो. ॲमीटर बॅटरीत जाणारा किंवा बाहेर येणारा करंट दाखवतो. डायनॅमो साधारण २२ ॲम्पिअरचा असेल तर मधे शून्य असलेला ३०-०-३० चा मीटर पुरतो. सुरू केल्यावर काटा प्लसकडे जातो आणि बॅटरी भरत आली की शून्याजवळ येतो. हे शून्य चांगले, बिघाड नव्हे. स्टार्टर मात्र शेकडो ॲम्पिअर ओढतो, त्याची तार ॲमीटरमधून कधीही नेऊ नये. बाकी सगळा करंट डॅशबोर्डपर्यंत जाऊन परत येणार, म्हणून तार जाड हवी आणि नट घट्ट हवा.

मी आधी ॲमीटरच बसवला. चौथ्या दिवशी जळका वास आला. हादऱ्याने नट सैल होऊन तारेचे आवरण वितळले होते. तो नट मीच आवळला होता, लॉक वॉशर न घालता. काका काही बोलले नाहीत, ते जास्त लागले.

आता तिथे व्होल्टमीटर आहे. किल्लीच्या स्विचनंतर, बारीक तार आणि १ ॲम्पिअरचा फ्यूज. वाचायचे असे: इंजिन बंद असताना १२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२ च्या आसपास म्हणजे जवळजवळ रिकामी. मध्यम रेसवर १३.८ ते १४.५ म्हणजे चार्जिंग ठीक. तेव्हाही १२.५ च्या खाली असेल तर डायनॅमो, पट्टा, कटआउट तपासा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला, बॅटरीचे पाणी उकळून आटेल. डायनॅमो मंद रेसवर चार्ज करत नाही, तेव्हा आयडलिंगचा आकडा पाहून घाबरू नका. काही जुन्या इंग्लिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे प्लस टोक बॉडीला जोडलेले असते. मीटर जोडण्याआधी ते पाहा.

ॲमीटर वाईट नाही. दिवे लावल्यावर डायनॅमो भार पेलतो की नाही हे तो लगेच दाखवतो. पण चिखलात, हादऱ्यात, महिनोन्महिने कुणी नट न तपासणाऱ्या ट्रॅक्टरवर मी व्होल्टमीटरच सुचवीन.

सुट्टीत घरी गेलात तर गोठ्याशेजारच्या ट्रॅक्टरचा डॅशबोर्ड एकदा बघा. काटा मेलेला असेल तर आवणीच्या आधीच बदला. आमच्याकडे आता काका सकाळी किल्ली फिरवतात, आकडा वाचतात आणि मगच चहा मागतात.