बिऱ्हाड कोणत्या शहरी?

[परदेशात जावे की जाऊ नये, यावर घराघरांत चर्चा होते. पण जायचे ठरल्यावर कोणत्या शहरात राहायचे, याचा विचार फारसा होत नाही. तो विचार कसा करावा, हे या पाठात सांगितले आहे.]

कळवा हे ठाण्याच्या खाडीपलीकडचे गाव. मध्य रेल्वेवर ठाणे आणि मुंब्रा यांच्यामध्ये त्याचे स्टेशन लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्यापर्यंत आली. पुढच्या वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोहोचला. तरीही कळवा बरीच वर्षे लहानसे गावच होते. १९६० नंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखाने उभे राहिले. त्यांच्याबरोबर कामगार आले. मुंबईपेक्षा येथे घर स्वस्त मिळे. १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली आणि कळवा तिचा भाग झाला.

आज कळव्यातील एखाद्या इमारतीत जाऊन मूळ गाव विचारा. कोणी रत्नागिरीचे नाव सांगेल, कोणी साताऱ्याचे, कोणी उत्तर प्रदेशातील एखाद्या जिल्ह्याचे. या सर्वांच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कधीतरी एकच प्रश्न स्वतःला विचारला होता : "बिऱ्हाड कोठे करावे?" त्यांनी काम पाहिले, घरभाडे पाहिले, मुलांची शाळा पाहिली आणि गाडीची सोय पाहिली. मग ते येथे आले. परदेशातील शहर निवडतानाही हेच प्रश्न विचारावे लागतात. फक्त त्यांत आणखी काही प्रश्नांची भर पडते.

कोकणातील माणसांना परदेश नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीस कोकणातील अनेक मुसलमान तरुण दक्षिण आफ्रिकेतील केपटाउन शहरात गेले. तेथे बंदर होते. काम मिळत होते. परंतु १९१३ साली तेथे नवा कायदा झाला. भारतातून येणाऱ्या नव्या माणसांना जवळजवळ बंदी झाली. आधी स्थायिक झालेल्यांना फक्त पत्नी आणि अल्पवयीन मुले आणता येत. १९५० साली वर्णभेदाचा दुसरा कायदा आला. कोणत्या वस्तीत कोणत्या वंशाच्या लोकांनी राहायचे, हे सरकार ठरवू लागले. अनेक भारतीय कुटुंबांना राहती घरे सोडावी लागली आणि त्यांच्यासाठी ठरवलेल्या वस्तीत जावे लागले. शहर चांगले होते, पण कायदा त्यांच्या बाजूचा नव्हता.

पुढे आखाती देशांत खनिज तेलाचा व्यवसाय वाढला. १९७३ नंतर तेलाचे भाव खूप चढले. रस्ते, इमारती, रुग्णालये बांधण्यासाठी माणसे हवी होती. कोकणातून आणि मुंबई-ठाण्यातून हजारो लोक कुवेत, दुबई, दम्माम, जेद्दा, मस्कत येथे गेले. त्यांनी पाठवलेल्या पैशांतून गावाकडे पक्की घरे झाली, बहिणींची लग्ने झाली, भावांची शिक्षणे झाली. पण २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरले. नोकऱ्या गेल्या, बँकेतील पैसे अडकले. तेव्हा भारत सरकारने सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणले. बहुतेकांना बस-मोटारींनी जॉर्डनमधील अम्मान शहर गाठावे लागले आणि तेथून विमानाने ते मुंबईस आले. मोठा पगार आणि सुरक्षित जीवन या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे त्या वर्षी अनेक घरांना कळले.

आता कळव्यातील एका कुटुंबाची कल्पना करू या. घरात दादी आहे, अब्बा आणि अम्मी आहेत. थोरला मुलगा वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करण्याचे काम जाणतो. त्याने आय.टी.आय.चा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे. त्याची पत्नी आणि सहा वर्षांची मुलगीही त्याच घरात राहतात. धाकटा भाऊ दहावीत आहे. थोरल्यासमोर तीन शहरांची नावे आहेत : रियाध, दुबई आणि टोरांटो. रियाधचा पगार दुबईपेक्षा जास्त आहे.

"जास्त पगार तेथे जावे. यात विचार कसला?" धाकटा म्हणाला.

अब्बांनी एक वही मागवली. ते म्हणाले, "पगार किती, ते नंतर लिहू. महिन्याच्या शेवटी हातात उरते किती, ते आधी लिहू."

मग थोरल्याने हिशेब मांडला. घरभाडे, जेवणखाण, प्रवास, मुलीची फी आणि विमा असे रकाने पडले. सौदी अरेबियात जुलै २०१७ पासून परदेशी कामगाराच्या कुटुंबातील प्रत्येक अवलंबित माणसामागे दरमहा १०० रियाल शुल्क घेण्यास सुरुवात झाली. ते दरवर्षी वाढत गेले आणि २०२० मध्ये ४०० रियाल झाले. त्या दराने पत्नी आणि मुलगी अशा दोघींचे महिन्याला ८०० आणि वर्षाला ९,६०० रियाल होतात. या शुल्कामुळे अनेकांनी बायकामुलांना परत मायदेशी पाठवले. एकट्या माणसासाठी रियाध फायद्याचे, पण कुटुंबासह राहायचे तर दुबईचा कमी पगारही चालेल, असे वहीत दिसू लागले.

"तेथे किती वर्षे राहता येईल?" अम्मींनी विचारले.

हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. आखाती देशांत राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की दुसरी शोधावी लागते, नाहीतर परतावे लागते. संयुक्त अरब अमिरातीने २०१९ पासून गुंतवणूकदार, तज्ज्ञ आणि गुणवंत यांना दीर्घ मुदतीचा परवाना देण्यास सुरुवात केली. परंतु सामान्य कामगाराला तेथे नागरिकत्व मिळत नाही. कॅनडाची रीत वेगळी आहे. तेथे वय, शिक्षण, भाषा आणि अनुभव यांना गुण देऊन कुशल माणसे निवडतात. निवड झालेल्याला कायम वास्तव्याचा हक्क मिळतो. त्यानंतर पाच वर्षांच्या काळात तीन वर्षे तेथे राहिल्यास नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. म्हणजे दुबईत कमावण्यासाठी जातात आणि टोरांटोत स्थायिक होण्यासाठी जातात. आपला हेतू कोणता, हे आधी ठरवले पाहिजे.

नागरिकत्वाची दुसरी बाजूही आहे. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. परदेशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे जाते. अशा माणसांना परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून कार्ड मिळते. त्यावर भारतात येता-राहता येते. पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावी शेत घेण्याची इच्छा असलेल्या माणसाने हे ध्यानात ठेवावे.

तिसरा प्रश्न हातातल्या कौशल्याचा. "माझे प्रमाणपत्र टोरांटोत चालेल का?" थोरल्याने चौकशी केली. कॅनडात अनेक व्यवसायांसाठी प्रत्येक प्रांत आपापला परवाना देतो. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते, कामाचा अनुभव दाखवावा लागतो. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक यांनाही हेच लागू आहे. परवाना मिळेपर्यंत मिळेल ते काम करावे लागते. तेवढ्या महिन्यांची शिल्लक गाठीशी हवी.

चौथा प्रश्न मुलीच्या शाळेचा. दुबईत भारतीय अभ्यासक्रमाच्या पुष्कळ शाळा आहेत. त्या खाजगी असल्याने फी भरावी लागते. पण घरी परतल्यावर मुलीला येथील वर्गात बसणे सोपे जाते. कॅनडात कायम वास्तव्य असणाऱ्यांच्या मुलांना सरकारी शाळेत फी नसते. मात्र तेथे शिकलेली मुलगी पुन्हा कळव्याच्या शाळेत रमेल का, हेही पाहावे लागेल.

पाचवा प्रश्न हवेचा. दुबईच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. टोरांटोत हिवाळ्यात बर्फ पडतो. कॅनडातील विनिपेग शहरात तर जानेवारीत पारा शून्याखाली २० अंशांपर्यंत उतरतो. एकाच देशातील दोन शहरांत एवढा फरक असतो. म्हणून नुसते देशाचे नाव ऐकून निर्णय करू नये.

दादी इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "माझा एकच प्रश्न आहे. मी गेले तर मला माती द्यायला किती वेळात येशील?"

घरात कोणी काही बोलले नाही. मग थोरल्याने हळूच सांगितले, "दादी, दुबईहून विमान तीन-साडेतीन तासांत येते. टोरांटोहून पंधरा तासांहून जास्त लागतात."

अब्बांनी तेही वहीत लिहिले. ते म्हणाले, "हा प्रश्न पैशांत मोजता येत नाही, पण म्हणून तो वहीतून वगळायचा नाही."

शेवटी त्या घराने ठरवले ते असे. थोरल्याने आधी दुबईला जावे. सहा महिन्यांनी घर मिळाल्यावर पत्नी आणि मुलीला बोलवावे. कामाच्या अनुभवाची पत्रे जपून ठेवावीत, इंग्रजीची परीक्षा द्यावी आणि पाच वर्षांनी टोरांटोचा विचार पुन्हा करावा. कळव्याचे घर मात्र विकू नये. दुसऱ्या कुटुंबाचा निर्णय याहून वेगळा असेल. ज्या घरात सांभाळण्यासारखे म्हातारे माणूस नाही आणि गाठीशी शिल्लक आहे, ते घर टोरांटो निवडील. एकटा तरुण दोन वर्षांसाठी रियाधला जाईल. वहीतील प्रश्न मात्र सर्वांना सारखेच.

निर्णय झाल्यावर कागदपत्रांकडे वळावे. १९८३ सालच्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या दलालाकडे सरकारी नोंदणी असली पाहिजे. ती तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. नोकरीचा करार समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा. त्यात पगार, कामाचे तास, सुट्टी आणि परतीचे भाडे लिहिलेले आहे का ते पाहावे. पर्यटकाच्या व्हिसावर नोकरीला कधीही जाऊ नये. तसे जाणाऱ्याला तेथे कायद्याचा आधार राहत नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. ज्याचे शिक्षण दहावीपेक्षा कमी असते, त्याच्या पासपोर्टवर सामान्यतः उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याचा शेरा असतो. सौदी अरेबिया, कुवेत, कतार, अमिरात यांसारख्या देशांत नोकरीस जाताना त्याला सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. कमी शिकलेल्या माणसाची फसवणूक होऊ नये म्हणून ही व्यवस्था आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्याला ती मंजुरी लागत नाही. त्या घरातील धाकट्या भावाने हे ऐकले आणि तो आपली पुस्तके घेऊन बसला. दूरच्या शहराचा विचार करण्यापूर्वी त्याला मार्चची परीक्षा द्यायची होती.

शब्दार्थ

बिऱ्हाड – राहते घर, संसार
स्थायिक होणे – कायमचे राहणे
मायदेश – आपला स्वतःचा देश
वर्णभेद – रंगावरून माणसांत केलेला फरक
अवलंबित – दुसऱ्याच्या कमाईवर जगणारा
शुल्क – सरकारला किंवा संस्थेला द्यायची रक्कम
मुदत – ठरलेला काळ
गाठीशी असणे – जवळ साठवलेले असणे
माती देणे – दफनविधीत सहभागी होणे
उत्प्रवास – आपला देश सोडून परदेशी जाणे
शेरा – अधिकाऱ्याने लिहिलेली नोंद

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कळवा स्टेशन कोणत्या दोन स्टेशनांच्या मध्ये आहे?
(आ) १९९० साली कुवेतमधील भारतीयांना कोणत्या शहरातून विमानाने मुंबईस आणले?
(इ) दादीने कोणता प्रश्न विचारला?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) १९१३ आणि १९५० च्या कायद्यांमुळे केपटाउनमधील भारतीयांना कोणत्या अडचणी आल्या?
(आ) दुबई आणि टोरांटो यांतील राहण्याच्या हक्कात कोणता फरक आहे?

३. हिशेब करा. एका कामगाराबरोबर पत्नी आणि तीन मुले रियाधमध्ये राहतात. दरमहा प्रत्येकी ४०० रियाल या दराने वर्षाचे शुल्क किती होईल?

४. वाक्यांत उपयोग करा : बिऱ्हाड करणे, गाठीशी असणे, ध्यानात ठेवणे.

५. तुमच्या घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारा : आपले कुटुंब या गावी केव्हा आणि का आले? मिळालेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहा.