स्वाध्याय : चोवीस गुरूंची वाट

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तप्रभूंचे चोवीस गुरू आपल्या घरातल्या मुलांनाही पाठ असतात. भागवताच्या अकराव्या स्कंधात आलेली ती यादी या आठवड्यात पुन्हा एकदा वाचू या. कपोत, अजगर, पतंग, मधमाशी, हत्ती, हरिण, मासा, कुरर पक्षी, साप, कोळी आणि कुंभारमाशी. मोजून पाहा, चोवीसपैकी अकरा गुरू हे प्राणी, पक्षी आणि कीटक आहेत! हत्ती-हरिण सोडले तर बाकीचे अजूनही आपल्या शेताच्या बांधावर, ओढ्याच्या काठी भेटतात. प्रश्न एवढाच, की त्यांना तिथे राहता येईल असं आपण काही शिल्लक ठेवतो का?

*जीवाला घर लागतं, तशी वाटही लागते*

कुठलाही जीव एकाच जागी सगळं आयुष्य काढत नाही. खाणं एकीकडे, पाणी दुसरीकडे, अंडी घालायची जागा तिसरीकडे. मधली वाट तुटली की तीनही जागा असूनसुद्धा त्याचा उपयोग नाही.

आपली विश्वामित्रीच बघा. पावागडावर उगम पावते, शेतांमधून वळणं घेत वडोदऱ्यात येते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. तिच्या काठच्या घळी, ज्यांना आपण इथे कोतर म्हणतो, पावसाचं जादा पाणी सामावून घेतात. त्याच मातीच्या काठांत मगर बीळ करते, उन्हाळ्याच्या तोंडाला खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या सुमारास पिल्लं बाहेर येतात. पाणी आटलं की मगर रात्री शेतातून चालत दुसऱ्या तळ्याकडे जाते. फेब्रुवारी 2025 मधल्या गणनेत विश्वामित्रीत 442 मगरी मोजल्या गेल्या. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध हे जगात फार कमी ठिकाणी दिसतं.

ऑगस्ट 2024 चा पूर आपण कोणीच विसरलेलो नाही. सोसायट्यांमध्ये मगरी आल्या, मुलंबाळं घाबरली. ती भीती खरी होती, तिला कोणी हसू नये. पण विचार करा, कोतर भरून टाकलं की पाणी जाणार कुठे? आपल्या दारातच येणार, आणि पाण्याबरोबर पाण्यातला जीवही येणार. नदीची वाट आणि मगरीची वाट एकच आहे. एक बुजवली की दुसरी बुजतेच, आणि त्रास शेवटी आपल्याला होतो.

*शेजारच्या जिल्ह्यातला धडा*

आणंद जिल्ह्यात मलातज गाव आहे. तिथे खोडियार मातेचं मंदिर आहे आणि गावच्या तळ्यात मगरी आहेत. मगर हे मातेचं वाहन. आपल्या नर्मदामैयाचंही तेच. गावकरी तळ्याचा वापर करतात, मगरीला तिचा काठ मोकळा सोडतात आणि अंतर ठेवून वागतात. श्रद्धा आणि सावधपणा दोन्ही एकत्र नांदतात.

नारेश्वरला बापजी आले तेव्हा तिथे रान होतं. साप आणि मोर तिथे एकत्र खेळताना त्यांनी पाहिले, म्हणून ती जागा निवडली, अशी कथा आपण ऐकत आलो आहोत. बापजींचं ‘परस्परदेवो भव’ आपण माणसामाणसांत लावतो. ते बांधावरच्या जीवालाही लावून बघू या.

*शेत असेल त्यांच्यासाठी*

आपल्यापैकी कितीतरी जणांची पादरा, डभोई, करजण, वाघोडियाकडे जमीन आहे. शेत भागाने दिलेलं असलं तरी शब्द आपलाच चालतो. नीलगाय आणि रानडुक्कर पिकाचं नुकसान करतात, म्हणून कुंपण लागतंच. तरीही एवढं करता येईल :

1. थोराचं जुनं कुंपण असेल तर मुळासकट काढू नका. त्यात मुंगूस, सरडे, पक्षी राहतात. उंदीर खाणारं घुबड जवळपास टिकलं, तर फायदा आपलाच.

2. बांध आणि ओढ्याच्या काठाची एक पट्टी नांगरू नका, जाळू नका. शेजाऱ्याची पट्टी तिला जोडली गेली तर वाट तयार झाली.

3. कुंपणात वीज कधीही सोडू नका. जनावर मरतं, माणूसही मरतो.

4. ओढ्याच्या कोपऱ्यात एक औदुंबर लावा. सावलीमुळे पिकाला अडचण होणार नाही अशी जागा निवडा. उंबरं पक्षी आणि वटवाघळं खातात आणि बी दूरवर नेऊन टाकतात.

शहरात राहणाऱ्यांनी काळाघोड्याच्या पुलावरून निर्माल्य, प्लास्टिक नदीत टाकू नये. मगर दिसली तर गर्दी करू नये, दगड मारू नये, वनखात्याला कळवावं.

*या आठवड्यात घरी बसून बोला*

– अकरा गुरूंपैकी कोणते आपण गेल्या वर्षभरात प्रत्यक्ष पाहिले? आजी-आजोबांनी लहानपणी कोणते पाहिले होते?

– आपल्या शेताचा बांध किंवा घराजवळचा नाला गेल्या वीस वर्षांत किती अरुंद झाला?

– गावाकडच्या भावाला किंवा काकांना या रविवारी फोन करून बांधाबद्दल काय सांगाल?

उत्तरं आपल्या परिवार-गटात लिहा. मुलांनी काढलेली चित्रंही पाठवा.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥