अर्ज लिहिणारा जिवाजी कोण?

दिंडीत मुक्काम पडला की रात्री भारुड होते. सोंग पुढे येते, डफ वाजतो, बायाबापड्या सरसावून बसतात, पोट धरून हसतात आणि सोंग उतरले की उठून जातात. शांतिब्रह्म श्रीएकनाथमहाराजांनी (इ. स. १५३३ ते १५९९) एवढ्यासाठीच का भारुडे रचली? नाथांना हसण्याचे वावडे नव्हते, हे खरे. पण त्या हसण्याच्या पोटात एक प्रश्न ठेवलेला असतो, तो बहुतेक वेळा मंडपातच राहतो. भारुडात 'मी, मी' म्हणून जो बोलतो, तो कोण? आणि त्याचे बोलणे सगळेच खरे धरावयाचे काय?

हल्लीचे साहित्याचे अभ्यासक अशा बोलणाराला 'अविश्वसनीय निवेदक' म्हणतात. म्हणजे गोष्ट सांगणारा असा, की त्याची गोष्ट जशीच्या तशी घेऊन चालत नाही. तो जे सांगतो त्यावरून, तो जे सांगत नाही ते श्रोत्याने ओळखावयाचे. शब्द नवा आहे. माल मात्र आपल्याच घरचा, चारशे वर्षांचा.

नाथांचे 'अर्जदस्त' घ्या. अर्जदस्त म्हणजे सरकारात पाठवावयाची अर्जी. भाषा सगळी कचेरीची, फारशी वळणाची. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावर अधिकारी होते, तेव्हा ही भाषा नाथांच्या कानावरून रोज जात असणार. अर्जदार आहे जिवाजी शेखदार. त्याचा कारकून बुधाजी. परगणा शरीराबाद, किल्ला कायापुरी. जिवाजी धन्याला कळवितो, की साहेब, मी तुमच्या हुकुमाने येथे आलो खरा, पण येथले लोक सरकारी काम चालूच देत नाहीत. मग एकेकाचे गाऱ्हाणे. दंभाजी शेट्या कचेरीत ठाण मांडून बसतो. मनीराम देशमुख आपले काम परस्पर उरकून घेतो. ममताई देशपांडीण हिने सारा परगणा जेरीस आणला. क्रोधाजीने दंगा माजविला. पुढे गावे ओस पडू लागल्याची खबर येते. दंतगाव गेले, कानगावची कवाडे लागली, पायगावचेही तेच.

ऐकणारा हसतो, कारण प्रत्येकाला शेजारच्या घरातली ममताई आठवते! पण जरा थांबून पाहावे. ही सगळी मंडळी राहतात कोठे? कायापुरीतच ना? मग किल्ल्याचा अंमलदार कोण? जिवाजीच. दंभाजी कचेरीत बसला, तर त्याला बसू कोणी दिले? देशमुखाचे काम परस्पर होत होते तेव्हा शेखदार कोठे होता? अर्जात याचा खुलासा नाही. जिवाजी एक अक्षर खोटे लिहीत नाही, तरी त्याचा अर्ज खोटा पडतो, कारण गुन्हेगारांच्या यादीत त्याने आपले एकच नाव घातलेले नाही. आपणही रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मनात असाच अर्ज लिहितो. सून अशी, भाऊ तसा, गाव बिघडले. मजकूर बहुधा खरा असतो.

नाथांना हिशेबातली अशी गाळलेली जागा बरोबर दिसली याचे नवल नाही. गुरूंच्या कचेरीतली पैची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. एका पैची चूक काढण्यासाठी ते रात्रभर वह्या घेऊन बसले होते. सापडल्यावर त्यांनी आनंदाने टाळी वाजविली, तेव्हा जनार्दनस्वामींनी त्यांना जे सुनावले त्यावर वेगळे निरूपण होईल.

आता दुसरे भारुड, रोडग्याचे. एक सासुरवाशीण भवानीला रोडगा कबूल करते. मागणे काय? सासरा परगावी गेला आहे तो तिकडेच खपावा, सासूला न्यावे, जावेचे असे व्हावे, नणंदेच्या पोराचे तसे. शेवटी नवऱ्यालासुद्धा सोडत नाही. येथे सोंग घेणारे गडी फार मोकळे सुटतात. पदरची चार वाक्ये घालून सासूची टवाळी वाढवितात, आणि मंडपात बसलेली खरीखुरी सासू खाली मान घालते. हे बरे नव्हे. बाई आपल्या जाचाची गोष्ट मनापासून सांगते आहे, पण आपण काय मागतो आहो हे तिचे तिलाच ठाऊक नाही. अहंकार, कल्पना, वासना यांच्या घरात नांदणारा जीव तिच्या तोंडून सुटका मागतो आहे. कोणता नातलग म्हणजे कोण, हे लावताना महाराजमंडळींत फरक पडतो, पडू द्यावा. शेवटच्या कडव्यात 'एका जनार्दनी' ही मुद्रा येते आणि बाई एकटी राहण्याचे मागते. ते 'एकटे' घरातल्या भांडणातले उरत नाही. बोलणारी तीच, पण आता तिच्या मागे जाणता उभा आहे. नेमके हेच कडवे टाळ्यांत बुडते.

कधी उलटेही होते. सांगणारा चोख असतो आणि ऐकणाराच भरवशाचा नसतो. ज्ञानेश्वरीचा अठरावा अध्याय संपत येतो तेथे पाहा. कृष्णार्जुनांचा संवाद सांगता सांगता संजयाला अष्टसात्त्विक भाव दाटून येतात, बोलवत नाही. समोर धृतराष्ट्र कोरडा. तो उलट संजयालाच टाकून बोलतो, की हे भलत्या वेळी काय काढलेस, जय कोणाचा ते सांग. वर आपला अंदाजही देतो: दुर्योधनाचे बळ मोठे, सैन्यही दिढीने जास्त. अकरा अक्षौहिणी आणि सात अक्षौहिणी! सारी गीता कानावरून गेली, आणि राजाने त्यातून सैन्याची मोजदाद तेवढी ठेवली.

म्हणून भारुड म्हणणाऱ्या मंडळींना एक सुचवावेसे वाटते. मुद्रेचे कडवे आले की डफ थोडा हळू करावा आणि ते दोनदा म्हणावे. सोंगाचा आवाज तेथे उतरवावा, नेहमीच्या आवाजात म्हणावे. नाथांचे मुक्याचे भारुड ज्यांना येते त्यांनी हे त्यावरच करून पाहावे. त्यात मुका स्वतःच बोलतो आहे! मी मोठा पंडित होतो, वेदशास्त्रे मुखोद्गत होती, गर्वाने सारे गेले, वाचा बसली, असे तो चांगले घोळून सांगतो. लहान मुले लगेच विचारतात, मुका आहे तर बोलतो कसा? मुलांना गप्प करू नये.